सांगलीच्या द्राक्षबागायतदारांचा गट कंपनीच्या व्यासपीठावरून स्वतःच्या जागेत कसा हलवावा?

तासगावचा_बागायतदार

नमस्कार मंडळी. तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ, जत या भागांतल्या बागायतदारांचा आपला गट इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. काही जण त्यात आहेतही. एका मोठ्या कंपनीच्या व्यासपीठावर तो कित्येक वर्षं चालतोय. छाटणी, डिपिंग, विरळणी, बेदाण्याचं शेड, मजुरांचे दर, व्यापाऱ्यांचे अनुभव असं सगळं त्यात आहे. नवीन बाग लावणाऱ्या पोराला मी आजही सांगतो, आधी गटातलं जुनं वाच, मग नर्सरीत जा.

मागच्या फळछाटणीनंतर बागा फुलोऱ्यात असताना हा गट अचानक बंद झाला. कारण शोधलं तर एका सभासदानं बुरशीनाशकाच्या बाटलीवरचं लेबल दाखवायला फोटो टाकला होता, आणि यंत्राला ती बंदी असलेल्या मालाची विक्री वाटली. तिन्ही चालकांची खाती एकदम अडकली. दाद मागितली, ठरावीक छापाचं उत्तर आलं, माणूस कुणी बोलला नाही. काही दिवसांनी गट आपोआप सुरू झाला. तोवर दोन पाऊस होऊन गेले होते. फुलोऱ्यात पाऊस झाला की डाऊनी हा बुरशीरोग थेट घडात शिरतो हे बागवाल्याला सांगायला नको. त्या दिवसांत कुणाकडे डाग दिसला, कुणी काय मारलं, कुणाला फरक पडला, हे एकमेकांना सांगायची आपली जागाच नव्हती.

गट चालू असतानाही एक दुखणं आहेच. मणेराजुरीत सकाळी कुणी लिहितो, "पानाच्या वर तेलकट पिवळे डाग, मागं पांढरी बुरशी, बघून घ्या." सोनीतल्या माणसाला ते तीन दिवसांनी दिसतं, कारण कोणती पोस्ट कुणाला आणि कधी दाखवायची ते कंपनी ठरवते. डाऊनीच्या बाबतीत तीन दिवसांनी कळणं म्हणजे न कळल्यासारखंच.

म्हणून माझं मत पक्कं झालंय. पत्ता आपला पाहिजे, दप्तर आपल्या ताब्यात पाहिजे आणि किल्ल्या एकापेक्षा जास्त माणसांकडे पाहिजेत. कुठलं सॉफ्टवेअर, कुठला सर्व्हर हे त्यानंतर बघू. ज्यांनी असं काही केलंय, करून सोडून दिलंय किंवा ज्यांना हे पटत नाही, त्या सगळ्यांनी मोकळेपणानं लिहावं. जुलै-ऑगस्टमध्ये बागेत त्यातल्या त्यात उसंत असते, तेव्हा हलवायचं मनात आहे. सप्टेंबर उजाडला की छाटण्या सुरू, मग कुणाला वेळ नाही.


मिरज_जंक्शन

दादा, दुखणं खरं आहे, पण औषध जड वाटतं. सगळ्यांच्या मोबाईलमध्ये टेलिग्राम आहे. तिथं मोठा गट होतो, पोस्टी क्रमानं दिसतात, फोटोही चांगले जातात. स्वतःचा सर्व्हर, डोमेन म्हणजे वेबवरचा पत्ता, देखभाल हे कोण करणार? माणसं जिथं आहेत तिथंच राहतात. नव्या जागेत पहिल्या आठवड्यात शंभर जण येतील, महिन्यानं दहा उरतील.


विट्याचा_संगणकवाला

मिरजकर, टेलिग्रामवर गेलो तरी मालक बदलेल एवढंच. टेलिग्राम काय, डिस्कॉर्ड काय, दोन्हीकडे सगळा कारभार एकाच कंपनीच्या सर्व्हरवर चालतो. सिग्नल ना-नफा संस्थेचं आहे, गोपनीयतेला उत्तम आहे, पण तेही मध्यवर्तीच. उद्या त्यांनी दार लावलं की आपण पुन्हा बाहेर.

कंपनी मोठी आहे म्हणून टिकेल, या समजुतीला इतिहास साथ देत नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गेलं. याहू ग्रुप्सवर जगभरातले छंदवाले, रुग्णांचे गट, गावोगावच्या मंडळांची वर्षानुवर्षांची टिपणं होती. २०१९ च्या ऑक्टोबरात तिथं नवीन मजकूर टाकणं थांबवलं, साठवलेला मजकूर काढून टाकायचं जाहीर केलं आणि १५ डिसेंबर २०२० ला ते कायमचं बंद केलं. धावतपळत जेवढं उतरवून घेता आलं तेवढं लोकांनी घेतलं, बाकीचं गेलं.

विकेंद्रित म्हणजे काय, ते ईमेलवरून पटकन कळतं. तुमचं खातं एका कंपनीकडे, माझं दुसरीकडे, कृषी महाविद्यालयाचं त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवर, तरी पत्र पोचतं. कारण पत्र कसं पाठवायचं याचे नियम सगळ्यांसाठी खुले आहेत. समाजमाध्यमांसाठी असाच एक नियमसंच आहे, ॲक्टिव्हिटीपब. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेनं जानेवारी २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. २०१६ पासून चालू असलेलं, ट्विटरसारखं मॅस्टोडॉन तो वापरतं, चर्चेच्या समुदायांसाठीचं लेमीही वापरतं. गप्पांसाठी मॅट्रिक्स नावाचा वेगळा प्रोटोकॉल २०१४ पासून आहे. फ्रान्स सरकारनं आपल्या कर्मचाऱ्यांसाठीचं चॅप (Tchap) हे ॲप त्याच्यावरच बांधलंय. म्हणजे हे चार हौशी पोरांचं खेळणं राहिलेलं नाही.

आपल्या कामाला यातलं काय बसेल, हा प्रश्न निराळा. मॅस्टोडॉन बसणार नाही. तिथं माणसाच्या मागं जायचं असतं, विषयाच्या नाही. "सोनाका जातीची बाग, चौथं वर्ष, घड जिरतायत" या प्रश्नाखाली पंधरा अनुभव एका जागी पाहिजेत आणि पुढच्या वर्षी ते सापडायला पाहिजेत. त्याला धाग्यांची जागा लागते. लेमी किंवा डिस्कोर्स हे चर्चामंचाचं सॉफ्टवेअर.


बेडगचे_आण्णा

मला ह्यातलं निम्मं कळलं न्हाई, पन येक इचारतो. मी आता फोन उघडला की समोर दिसतंय, बोटानं वर सारलं की झालं. बोलून निरोप धाडतो, टायपिंग जमत न्हाई. तुमच्या नव्या जागंत बोलून इचारता येनार हाय का? आमच्या बेडग-आरगंत निम्मी म्हातारी मानसं बोलूनच इचारत्यात. ती आली न्हाईत तर गट कसला? जुनी मानसंच तर सांगनारी हायेत.


सावळजची_लेक

आण्णांचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, त्याला धरूनच बोलते.

वडिलांनंतर आमची बाग मीच बघते. सुरुवातीला मला जे शिकायला मिळालं ते या गटातच, आणि शिकवणारे आण्णांसारखेच होते. पण ते ज्ञान आता कुठं आहे? देठ परीक्षणाचा अहवाल कसा वाचायचा, पोटॅश कमी दिसलं तर फवारणीतून द्यायचं की ठिबकमधून, यावर एक फार सुंदर चर्चा झाली होती. मागच्या हंगामात मी ती शोधत बसले. गटातला शोध मला कालपरवाच्या जाहिराती दाखवत होता. चर्चा तिथंच कुठंतरी आहे, पण माझ्या हाताला लागत नाही.

आपण एकच रोग चार तऱ्हांनी लिहितो. कुणी डाऊनी, कुणी डावणी, कुणी केवडा, कुणी रोमन अक्षरात. शोधणारा एक शब्द टाकतो आणि तीन चतुर्थांश माहितीला मुकतो. नव्या जागेत याची सोय होत असेल तर माझ्यासाठी तेवढं कारण पुरेसं आहे.

मात्र जुनं सगळं उचलून नेण्याबद्दल माझी एक काळजी आहे. २०१० साली सीसीसीचे, म्हणजे वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले म्हणून आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते. त्याच्या आधी तेच सीसीसी आपण एकमेकांना बिनधास्त सुचवत होतो. औषधांची यादी बदलत असते. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र निर्यातीच्या बागांसाठी शिफारशीची यादी देतं, काढणीच्या किती दिवस आधी शेवटची फवारणी करायची ते त्यात असतं. जुनी पोस्ट तारखेशिवाय समोर आली आणि एखाद्यानं ती वाचून टाकी भरली, तर त्याचा माल परत येईल. त्यामुळे औषधाचं नाव असलेल्या प्रत्येक जुन्या धाग्यावर तारीख ठळक दिसली पाहिजे आणि "आजची यादी बघूनच वापरा" अशी पट्टी पाहिजे. त्याशिवाय दप्तर हलवू नका, ही माझी विनंती समजा किंवा अट समजा.


विट्याचा_संगणकवाला

ताई, दोन्ही सोयी होतात. डिस्कोर्समध्ये धाग्याला टॅग लावता येतात आणि एका टॅगला समानार्थी टॅग जोडता येतात. डाऊनी, डावणी, केवडा यातलं काहीही लावलं तरी एकाच ढिगात जाईल. ठरावीक विभागातल्या धाग्यांवर सूचनेची पट्टीही लावता येते.

आण्णा, आवाजाची फाईल चढवायची परवानगी देता येते, पण व्हॉट्सॲपसारखं बटण दाबून बोललं आणि गेलं, इतकं सोपं ते नाही. हे आधीच स्पष्ट सांगतो.


साताऱ्याचा_वाटसरू

मी बागायतदार नाही. साताऱ्यात आमचा किल्ले फिरणाऱ्यांचा गट आहे. अजिंक्यतारा, सज्जनगड, वासोटा, पाण्याची टाकी, वाटांची स्थिती, जंगल खात्याची परवानगी असा आमचा व्यवहार. आम्ही या वाटेनं जाऊन आलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी रेडिट, विषयवार समुदायांचं मोठं संकेतस्थळ. एप्रिल २०२३ मध्ये त्यांनी बाहेरच्या ॲपना पैसे लावायचं जाहीर केलं. ॲपनं मजकूर मागवायच्या पाच कोटी विनंत्यांना १२,००० डॉलर असा दर ॲपोलो या लोकप्रिय ॲपच्या लेखकाला सांगितला गेला. त्यानं हिशोब मांडला, तर वर्षाला दोन कोटी डॉलरच्या घरात जात होतं. १२ जूनपासून दोन दिवस हजारो समुदायांनी निषेध म्हणून दारं लावली. कंपनी हलली नाही. बंद राहिलेल्या समुदायांच्या चालकांना हटवण्याचे इशारे दिले गेले. ३० जूनला ॲपोलो बंद झालं. चालकांनी वर्षानुवर्षं फुकट राबून जे उभं केलं, त्यावर त्यांचा हक्क किती, हे त्या महिन्यात सगळ्यांना कळलं.

तेव्हा पुष्कळ माणसं लेमी आणि तशाच केबिन (kbin) या जागेवर गेली. पुढं काय झालं तेही ऐका, कारण या बाजूचं कुणी फारसं सांगत नाही. जून २०२३ मध्येच बीहॉ नावाच्या लेमी सर्व्हरनं लेमी डॉट वर्ल्ड या दुसऱ्या सर्व्हरशी संबंध तोडले. नवीन माणसांचा लोंढा आणि त्यांच्यावर देखरेख करायला हात अपुरे, हे कारण. दोन्हीकडची साधी माणसं एकमेकांना दिसेनाशी झाली. केबिन मुख्यतः एकट्या माणसाच्या बळावर चाललेलं होतं, २०२४ मध्ये त्याचा मुख्य सर्व्हर बंद पडला. लेम डॉट ईई हा मोठा सर्व्हर जून २०२५ च्या अखेरीस बंद झाला, कारण चालवणारे थकले होते. त्यांनी आधी सांगून, नीट निरोप घेऊन बंद केला, याबद्दल त्यांचा आदरच आहे. पण बंद झाला.

आमचा गटही असाच एका सार्वजनिक सर्व्हरवर होता आणि तो सर्व्हर मिटला. लेमीत समुदाय उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेता येत नाही. मॅस्टोडॉनमध्ये खातं हलवलं तर अनुयायी बरोबर येतात, जुन्या पोस्टी येत नाहीत. आम्ही वाटांची टिपणं सभासदांच्या वैयक्तिक वह्यांतून आणि फोटोंवरून पुन्हा गोळा केली.

म्हणून दादांनी जे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय ते मी अनुभवानं सांगतो. दुसऱ्याच्या विकेंद्रित सर्व्हरवर बसणं म्हणजे स्वतःची जागा नव्हे. डोमेन तुमच्या नावावर असेल आणि दर आठवड्याची पूर्ण प्रत तुमच्या हातात असेल, तर सर्व्हर कुठला का असेना. तो बुडाला की दुसऱ्यावर उभं करायचं, लोकांना पत्ता तोच दिसतो.


तासगावचा_बागायतदार

वाटसरू दादा, मनापासून आभार. हे इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं.

तुमच्या लिहिण्यावरून मला आपल्याकडची दूध संस्था आठवते. प्रत्येक गावची संस्था वेगळी, तिचं दप्तर वेगळं, पंचमंडळ वेगळं, आणि सगळ्या मिळून तालुक्याच्या संघाला जोडलेल्या. एका गावची संस्था मोडली म्हणून शेजारच्या गावचं दूध थांबत नाही. मला द्राक्षवाल्यांचं असंच चित्र दिसतं. सांगलीची जागा सांगलीवाल्यांची, नाशिकची नाशिकवाल्यांची, पंढरपूर-बारामतीची त्यांची, पलीकडे विजापूर-बागलकोटवाल्यांनी कन्नडमध्ये त्यांची करावी. नाशिकला निर्यातीवर जोर, आपल्याकडे बेदाण्यावर. हवामान वेगळं, पाणी वेगळं. एकाच ढिगात सगळे घातले तर सल्ल्यांचा गोंधळ होतो. पण त्यांच्या निर्यातीच्या विभागातलं आपल्याला इथं बसून वाचता यावं, आणि बेदाण्याचं आपलं त्यांना. विटेकर, हे जमतं का?


विट्याचा_संगणकवाला

जमतं. डिस्कोर्सला ॲक्टिव्हिटीपबचं प्लगइन, म्हणजे जोडायचं सॉफ्टवेअर आहे. ते बसवलं की एखादा विभाग बाहेरून अनुसरता येतो. मॅस्टोडॉनवरचा माणूस तुमचा "बेदाणा" विभाग त्याच्या खात्यावरून बघू शकतो, दोन डिस्कोर्सचे विभागही एकमेकांना जोडता येतात. कुठले विभाग बाहेर दाखवायचे ते आपण ठरवायचं. मजुरांचे दर, व्यापाऱ्यांचे अनुभव आतच ठेवायचे.

पण माझा सल्ला, पहिल्या वर्षी जोडणीच्या मागं लागू नका. एकदा बाहेर गेलेला मजकूर दुसऱ्यांच्या सर्व्हरवर उतरतो. इथं पुसला तरी तिथं पुसला जाईलच याची हमी नसते. आधी स्वतःचं घर नीट लावा. प्लगइन केव्हाही बसवता येईल.

खर्चाचं म्हणाल तर डिस्कोर्स २०१३ पासूनचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्याला पैसे नाहीत. दोन जीबी मेमरीचा भाड्याचा सर्व्हर सुरुवातीला पुरतो. फोटो खूप येणार, म्हणून साठवणूक वेगळी घ्यावी लागेल. ईमेल पाठवायची सेवा वेगळी लागते, नाहीतर खातं उघडल्याची पत्रं स्पॅममध्ये जातात आणि लोक म्हणतात, चालत नाही. सगळ्या जागेची प्रत एका फाईलमध्ये निघते. ती रोज आपोआप निघून दुसऱ्या ठिकाणी जाईल अशी व्यवस्था पहिल्या दिवशीच करायची. आणि वर्षातून एकदा ती प्रत कोऱ्या सर्व्हरवर उभी करून बघायची. उभी करून न बघितलेल्या प्रतीवर विसंबायचं नाही.


सांगली_गावभाग

थोडा वेगळा मुद्दा, पण विषयाला धरून. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत आमच्या भागात पाणी आलं तेव्हा आम्ही सगळे मोबाईलला डोळे लावून होतो. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट, हे आमच्याकडे पोराटोरांना पाठ आहे. त्या दिवसांत "कोयनेतून एवढं सोडलं" असे निरोप कालचे की आजचे, हेच कळत नव्हतं. एकच जुना निरोप दहा गटांतून फिरत होता आणि माणसं सामान माडीवर चढवत होती.

पुढं ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम तिन्ही एकदम सहाएक तास बंद पडली. जगभर. कंपनीच्या आतल्याच एका बदलानं त्यांचे सर्व्हर इंटरनेटच्या नकाशावरून गायब झाले होते. मला तेव्हा एकच वाटलं, हे पुराच्या रात्री झालं असतं तर?

तुमची जागा झाली तर आम्हाला एक विभाग द्या. त्यात गप्पा नकोत. वेळ, पातळी, स्रोत एवढंच, तेही ठरलेल्या माणसांनी लिहिलेलं. आणि सर्व्हर सांगलीत ठेवू नका.


तासगावचा_बागायतदार

सर्व्हर सांगलीत नसेलच. विभाग नक्की देऊ, तो सगळ्यांना खात्याशिवाय वाचता येईल असा ठेवू.


मिरज_जंक्शन

सगळं वाचलं. टेलिग्रामचा हट्ट मी सोडतो. पण तीन गोष्टींची उत्तरं मिळाल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

एक, टॉनिकवाले. आपल्या गटात निम्मा वेळ त्यांना हाकलण्यात जातो. दहा नावांनी खाती काढतात, स्वतःच प्रश्न विचारतात आणि स्वतःच आपल्या मालाचं नाव उत्तरात देतात. कंपनीकडे निदान थोडीफार यंत्रणा आहे. आपल्याकडे कोण?

दुसरं, कायदा. उद्या कुणी व्यापाऱ्याचं नाव घेऊन पैसे बुडवल्याचं लिहिलं आणि त्यानं नोटीस धाडली, तर ती कुणाच्या दारात येणार?

तिसरं, तुम्ही. दादा, राग मानू नका. आज तुमच्यात उमेद आहे. पाच वर्षांनी तुमचा मुलगा पुण्याला गेला, तुम्हाला जमेना झालं, मग?


तासगावचा_बागायतदार

राग कसला? हेच विचारायला पाहिजे.

टॉनिकवाल्यांचं असं. नवीन सभासद कुणातरी जुन्याच्या ओळखीनं घ्यायचा, आमंत्रणाशिवाय खातं नाही. कोण कुणाच्या ओळखीनं आला ते दिसेल. आपल्या भागात माणूस माणसाला ओळखतो, त्याचा हा फायदा. विकणाऱ्यांनाही हाकलायचं नाही, त्यांना त्यांचा विभाग द्यायचा. तिथं दुकानाचं नाव, गाव, परवाना क्रमांक टाकून बोला. बाकी विभागांत विक्री दिसली की धागा तिकडे हलेल. चांगला कृषी सेवा केंद्रवाला याला नाही म्हणणार नाही, कारण खोट्या नावाच्या एजंटांचा त्रास त्यालाही होतो.

कायद्याचं मी वकील मित्राला विचारून घेतलंय. माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ प्रमाणे दुसऱ्यांचा मजकूर ठेवणाऱ्यानं नियमावली आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव-संपर्क जागेवर लावायचा असतो. तक्रार आली की २४ तासांत पोच द्यायची आणि नियमात ठरलेल्या मुदतीत निकाल. हे आपण लहान आहोत म्हणून टाळायचं नाही. व्यापाऱ्यांबद्दलच्या लिहिण्याला एक शिस्त लावायची. पावती, तारीख, रक्कम यांचा पुरावा चालकांकडे दिल्याशिवाय नाव घेऊन आरोप नाही, आणि समोरच्याला त्याच धाग्यात उत्तर द्यायची मुभा. बागायतदाराचे पैसे बुडतात हे सत्य आहे आणि ते बोलायची जागा त्याला मिळालीच पाहिजे. म्हणूनच ती जागा पहिल्या नोटिशीला कोसळणारी नको.

तिसऱ्याचं उत्तर म्हणजेच किल्ल्या. डोमेन माझ्या नावावर घ्यायचंच नाही. आपण रीतसर संस्था नोंदवू, डोमेन तिच्या नावावर आणि पैसे एकदम काही वर्षांचे भरून ठेवू. सर्व्हरचा पासवर्ड तिघांकडे, तिघं तीन तालुक्यांतले. रोजच्या प्रतीची एक नक्कल विटेकरांकडे, एक सावळजला ताईंकडे. वर्गणी ऐच्छिक, जमाखर्च जागेवरच सगळ्यांना दिसेल असा. मी उद्या नसलो तरी दोघं पुढं नेतील, आणि तिघंही कंटाळले तर प्रत घेऊन दुसरं कुणी उभं करेल. आजच्या ठिकाणी यातलं काहीच करता येत नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप.


सावळजची_लेक

प्रत ठेवायला मी तयार आहे. त्यात लोकांचे फोन नंबर, ईमेल असणार, तेव्हा ती कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करूनच द्या.

आता जुनं दप्तर. कंपनी प्रत्येकाला त्याचं त्याचं लिहिलेलं उतरवून देते, गटाचं एकत्र देत नाही. मग प्रत्येकानं आपापलं उतरवून द्यायचं. त्यानं संमतीचा प्रश्नही सुटतो, कारण ज्याचं लिहिणं त्यानंच दिलेलं असेल. जे देणार नाहीत त्यांचं आणायचं नाही. सगळं येणार नाही, मला माहीत आहे. आपण ज्यांच्याकडून शिकलो अशा वीस-पंचवीस जणांचं आलं तरी पहिल्या हंगामाला पुरेल. गेलेल्या सभासदांच्या घरच्यांना विचारायला मी स्वतः जाईन. त्यांचे धागे त्यांच्या नावानंच राहिले पाहिजेत.


साताऱ्याचा_वाटसरू

ताई, एक भर घालतो. फोटो मूळ आकारात मागा. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या फोटोत बारकावा मरतो. पानामागची बुरशी त्यात धूळ वाटेल. आणि फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असतात, चढवताना ते काढून टाकायची सोय चालू ठेवा.

अजून एक. जुना गट लगेच मिटवू नका. तिथल्या पहिल्या पोस्टवर नवा पत्ता चिकटवून ठेवा. आमच्याकडे वर्षभरानंतरही माणसं जुन्या दारावरून नव्याकडे येत होती.


बेडगचे_आण्णा

माज्या प्रश्नाचं ऱ्हायलंच की.


तासगावचा_बागायतदार

राहिलं नाही आण्णा, तेच शेवटी नीट लिहायचं ठेवलं होतं.

तुम्ही व्हॉट्सॲप सोडायचं नाही. गावागावाचे छोटे गट आहेत तसेच राहतील. प्रत्येक गावातला एक जण लेखनिक म्हणून नेमू. तुम्ही बोलून पाठवलंत की तो ते टिपून, फोटोसकट, तुमच्या नावानं नव्या जागेत लावेल. उत्तरं आली की त्यातलं कामाचं तुम्हाला बोलून पाठवेल आणि धाग्याचा दुवाही देईल. तुम्ही इतरांना जे सांगता तेही असंच लिहून घेतलं जाईल. तुमचं बोलणं आजवर व्हॉट्सॲपमधून वाहून जात होतं, ते यापुढं राहील. दुवा दाबला की मोबाईलच्या साध्या ब्राउझरमध्ये वाचता येतं, वेगळं ॲप लागत नाही.

आरग-बेडगला लेखनिक कोण होईल ते तुम्हीच सुचवा. ऐकून बिनचूक लिहिणारा पाहिजे. औषधाचं प्रमाण लिहिताना मिली आणि ग्रॅममध्ये घोटाळा झाला तर बाग जाते, म्हणून प्रमाण असलेला प्रत्येक निरोप लावायच्या आधी तो तुम्हाला परत वाचून दाखवेल, असा नियमच करू.


बेडगचे_आण्णा

मग हरकत न्हाई. माजी नात बारावी झालीया, ती लिवंल. बागंत तीच माज्या बरूबर असती, औषिदं तिला म्हाईत हायेत. तिला काय शिकवायचं ते शिकवा.


विट्याचा_संगणकवाला

आण्णा, नातीला येत्या रविवारी विट्याला पाठवा, किंवा मीच मिरजेला येतो. मिरजकर, तुमच्याकडे बसायला जागा होईल का? चाचणीची जागा तोवर उभी करून ठेवतो. लेखनिकांनी आधी तिथंच सराव करावा, मग खरी जागा उघडू.


मिरज_जंक्शन

होईल. दुकानाच्या वर खोली आहे, इंटरनेटही आहे. अकरा वाजता या. जमाखर्चाची वही मी सांभाळतो, तेवढं काम माझ्याकडे द्या.